चौकट आणि पिंजरा : अँथनी ब्राउन यांच्या ‘द शेप गेम’मधील संग्रहालयभेट

अँथनी ब्राउन या इंग्रज चित्रकार-लेखकाचे ‘द शेप गेम’ हे चित्रपुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कथानक थोडक्यात सांगता येते. आईचा वाढदिवस आहे आणि तो कसा साजरा करायचा हे ती ठरवणार आहे. ती नवऱ्याला व दोन मुलांना घेऊन चित्रसंग्रहालयात जाते. बाप आणि एक मुलगा, जॉर्ज, यांना तेथे जाण्याची मुळीच हौस नाही. दुसरा मुलगा कथेचा निवेदक आहे. एकेका चित्रापुढे थांबत, काही विचारत, काही हसत हे कुटुंब ती इमारत पार करते. घरी परतताना आई मुलांना चित्रे काढण्याचा एक खेळ शिकवते आणि त्या दिवसाने आपले आयुष्य बदलले, असे मोठेपणी मागे वळून पाहणारा निवेदक सांगतो. कथानक एवढेच. ते इतके सरळ आहे की संग्रहालयाची महती मुलांच्या गळी उतरवणारे एक सुरेख, पण काहीसे हेतुपुरस्सर पुस्तक, अशी त्याची वासलात पहिल्या वाचनात सहज लावता येते. तशी ती लावण्यात काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुस्तकाचा जन्म संस्थेच्या आश्रयाने झाला, हे आधीच नोंदवायला हवे. २००१-०२ या काळात ब्राउन हे लंडनमधील टेट ब्रिटन या संग्रहालयात निवासी लेखक-चित्रकार होते. शहराच्या अंतर्भागातील शाळांतल्या मुलांना मूळ चित्रांपुढे बसवून त्यांना बोलते करणे, त्यांच्याकडून लिहून व रेखाटून घेणे हा त्या उपक्रमाचा गाभा होता आणि लंडन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र संस्थेचा त्यात सहभाग होता. ‘द शेप गेम’ त्या अनुभवातून आले. ज्या संस्थेचे मीठ खाल्ले तिच्याविषयी लेखक कितपत मोकळेपणाने बोलू शकतो, ही शंका म्हणून या पुस्तकाच्या बाबतीत अप्रस्तुत ठरत नाही. संग्रहालयात येण्याची सवय नसलेले कुटुंब आत येते आणि समृद्ध होऊन बाहेर पडते, यापेक्षा अधिक सोयीची कथा संग्रहालयाला कोणती मिळणार?

काळाचा संदर्भही बोलका आहे. ब्राउन टेटमध्ये काम करीत असतानाच, डिसेंबर २००१ मध्ये, ब्रिटनमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायमस्वरूपी संग्रहांना सर्वांसाठी विनामूल्य प्रवेशाचे धोरण लागू झाले. मात्र दार उघडल्याने माणसे आत येतात, हा विश्वास फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्द्यू आणि आलँ दार्बेल यांनी १९६६ सालीच आपल्या ‘लामूर द लार’ या संग्रहालयविषयक अभ्यासात तपासून पाहिला होता. त्यांचा निष्कर्ष कटू होता. माणसाला संग्रहालयाबाहेर ठेवणारी मुख्य गोष्ट तिकिटाची किंमत नव्हे. चित्राचा उलगडा करण्याची जी रीत कुटुंबातून आणि शिक्षणातून अंगी मुरते, ती ज्याच्यापाशी नाही तो दार उघडे असूनही परकाच राहतो. आणि ज्याच्यापाशी ती आहे त्याला ती जन्मजात अभिरुची वाटते. ब्राउन यांच्या पुस्तकातील चौघांपैकी ही रीत फक्त आईपाशी आहे. तिला ती कोठून मिळाली, याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी एका वाक्यात दिलेले आहे. त्याकडे नंतर वळता येईल.

टेट ब्रिटनच्या जागेलाही इतिहास आहे. थेम्सकाठची ही जमीन जेरेमी बेंथम याने आपल्या ‘पॅनॉप्टिकॉन’ या आदर्श तुरुंगासाठी मिळवली होती. त्याच्या आराखड्याप्रमाणे तुरुंग झाला नाही. पण १८१६ मध्ये त्याच जागी मिलबँकचा तुरुंग सुरू झाला आणि ऑस्ट्रेलियाला हद्दपार करावयाच्या कैद्यांना रवानगीपूर्वी तेथे ठेवले जाऊ लागले. १८९० मध्ये तो बंद झाला. पुढे साखरेच्या धंद्यात गडगंज झालेल्या हेन्री टेट याच्या देणगीतून तेथे ब्रिटिश चित्रकलेचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले व १८९७ मध्ये लोकांना खुले झाले. टोनी बेनेट यांनी ‘द बर्थ ऑफ द म्युझियम’ (१९९५) या ग्रंथात तुरुंग आणि संग्रहालय या दोन संस्था एकाच काळाच्या अपत्य असून त्यांची दिशा मात्र परस्परविरुद्ध असल्याचे दाखवले आहे : शिक्षा चव्हाट्यावरून भिंतीआड गेली आणि सरदार-दरकदारांच्या खासगी दालनांतील वस्तू लोकांपुढे आल्या. दोन्ही ठिकाणी पाहणे आणि पाहिले जाणे यांतूनच माणसाला वळण लावायचे होते. ब्राउन यांना हे सर्व अभिप्रेत होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण बंदिस्त करणारी आणि दाखवणारी जागा हा त्यांच्या लेखनाचा जुना विषय आहे, आणि तो ‘द शेप गेम’ एकटेच वाचले तर ध्यानात येत नाही.

त्यासाठी ‘झू’ (१९९२) हे पुस्तक शेजारी ठेवावे लागते. केट ग्रीनअवे पदक मिळवणाऱ्या या पुस्तकातही आई, बाप आणि दोन मुलगे यांचे कुटुंब सुट्टीच्या दिवशी काहीतरी ‘पाहायला’ बाहेर पडते. निवेदक येथेही मुलगाच आहे. वाहनांच्या कोंडीत अडकलेली गाडी, मागच्या आसनावर भावाभावांची हाणामारी, पाणचट विनोद करून स्वतःच मोठ्याने हसणारा बाप. तिकीट-खिडकीपाशी तो धाकट्याचे वय कमी सांगून अर्धे तिकीट पदरात पाडू पाहतो. त्याच्या मागे आकाशात ढगांची शिंगे उगवलेली चित्रकाराने दाखवली आहेत. प्राणी कंटाळलेले आहेत आणि माणसांना खाण्याची घाई झाली आहे. गर्दीतल्या कोणाला शेपूट फुटली आहे, कोणाचा चेहरा प्राण्याकडे झुकला आहे. आई फार बोलत नाही. पण प्राणिसंग्रहालय प्राण्यांसाठी नसून माणसांसाठीच असावे, अशा अर्थाचे तिचे एक वाक्य पुस्तकाच्या अखेरीस येते आणि त्या रात्री निवेदकाला आपण पिंजऱ्यात असल्याचे स्वप्न पडते. एव्हलिन अरिझ्पी आणि मोराग स्टाइल्स यांनी चार ते अकरा वर्षांच्या मुलांबरोबर हे पुस्तक वाचून केलेला अभ्यास २००३ मध्ये ग्रंथरूपाने आला. ज्या उपरोधाची फोड शब्दांत कोठेच केलेली नाही, तो लहान मुलेही चित्रांतून अचूक टिपतात, हे त्यातून दिसते. चित्रपुस्तकाचा वाचक अपुरा असतो, या समजुतीला हे चोख उत्तर आहे.

दोन्ही पुस्तकांची जोडी मुंबईकर वाचकाला मुद्दाम जुळवून दाखवावी लागत नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत प्राणिसंग्रहालय आणि १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने खुले झालेले, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय एकाच आवारात आहेत. वाघ-अस्वले पाहून झाल्यावर ऊन टाळण्यासाठी म्युझियममध्ये शिरणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी पिंजरा आणि काचेचे कपाट एकाच दिवसात पाहिले आहे. मराठीत पूर्वी रूढ असलेला ‘अजबखाना’ हा शब्द या दोहोंतला भेद फारसा मानीत नव्हता. नंतर ‘वस्तुसंग्रहालय’ हा प्रतिष्ठित शब्द घडवला गेला आणि त्या शब्दातून विस्मय गळाला, ही गोष्ट वेगळी.

‘झू’मध्ये चौकट म्हणजे पिंजरा असतो. प्राणी गजांआड, कुंपणाआड, चौकोनी भिंतींत कोंडलेले. माणूस आणि प्राणी यांच्यामध्ये ही चौकट ठाम उभी. ती ओलांडली जाते ती फक्त स्वप्नात, आणि तेव्हाही निवेदकच आत जाऊन पडतो. ‘द शेप गेम’मध्ये चौकट चित्राची आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी झिरपते. कुटुंबातील माणसे चित्रांत शिरतात, चित्रांतील गोष्टी पानावर सांडतात, आरंभी फिके आणि मरगळलेले वाटणारे बाहेरचे जग नंतर रंग धरू लागते. ब्राउन यांनी दहा-अकरा वर्षांनी त्याच कुटुंबरचनेकडे परत येऊन आपल्याच जुन्या, निराश पुस्तकाला हे उत्तर दिले आहे, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही. एकमेकांकडे न पाहणारी चार माणसे तेथे जनावरांकडे पाहत होती. येथे चित्रांकडे पाहता पाहता ती एकमेकांकडे पाहू लागतात.

बापाच्या विनोदांचा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि या पुस्तकाचे मूल्यमापन बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. ‘झू’मधला बाप असह्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. ‘द शेप गेम’मधला बापही कोट्या करतो, चित्रांपुढे उभा राहून करतो, आणि त्या तितक्याच पाणचट आहेत. पुस्तकाचा वरवरचा कल असा की, आई सुसंस्कृत आणि बाप सुधारणेची गरज असलेला. बूर्द्यू यांच्या भाषेत बोलायचे तर कोटी हे चित्रापुढे काय बोलावे हे न शिकवलेल्या माणसाचे चिलखत आहे. ज्या दालनात सगळे दबक्या आवाजात बोलतात तेथे मोठ्याने हसण्यात थोडी भीती असते आणि थोडे बंडही. पण कोटी म्हणजे नेमके काय, हे पाहू लागले की पुस्तकाचा वरवरचा कल डळमळतो. एक ध्वनी घ्यायचा आणि त्यातून अनपेक्षित दुसरा अर्थ काढायचा, ही कोटीची कृती. एक रेघ घ्यायची आणि तिच्यातून अनपेक्षित दुसरी वस्तू काढायची, ही आईने शिकवलेल्या खेळाची कृती. बाप दिवसभर शब्दांशी जे करीत आला तेच आई परतीच्या वाटेवर रेषेशी करायला शिकवते. ब्राउन यांची सारी चित्रशैली तर याच करामतीवर उभी आहे : ढगाचे शिंग, झाडाचा चेहरा, भिंतीवरच्या नक्षीत लपलेला गोरिला. म्हणजे ज्या वडिलांना सुधारण्यासाठी पुस्तक निघाले, त्यांच्याच वाह्यातपणाचा अंश घेऊन निवेदक चित्रकार झाला आहे. पुस्तक हे शब्दांत कोठेही कबूल करीत नाही. त्याची रचना मात्र ते उघड करते, आणि संग्रहालयाच्या जाहिरातीपासून पुस्तक दूर जाते ते येथेच.

ब्राउन यांच्या चरित्राचा आधार येथे घेता येतो, पण बेताने. ते सतरा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. दणकट देहाचा आणि आतून कोमल असलेला हा बाप आपल्या गोरिलांमध्ये उतरला आहे, असे त्यांनी स्वतःच वेळोवेळी सांगितले आहे. ‘गोरिला’ (१९८३) या पुस्तकात कामात बुडालेल्या बापाची जागा खेळण्यातून मोठा झालेला गोरिला एका रात्रीपुरती घेतो. मुलाकडे न पाहणारा बाप आणि मुलाबरोबर खेळणारा बाप या दोन प्रतिमा त्यांच्या पुस्तकांतून आलटून पालटून येतात. ‘द शेप गेम’मध्ये त्या प्रथमच एका माणसात नांदताना दिसतात. चरित्र यापलीकडे ताणू नये.

संग्रहातील जी चित्रे पुस्तकात आली आहेत त्यांत सोळाशेच्या सुमाराचे, एकाच शय्येवर सारख्याच वेषात बाळे घेऊन बसलेल्या दोन स्त्रियांचे ‘द चमली लेडीज’ हे अनामिक चित्रकाराचे चित्र आहे. त्याचा उपयोग ‘फरक ओळखा’ या मुलांच्या परिचित खेळासाठी केला आहे, आणि तो चतुर असला तरी तेवढ्यावरच थांबतो. पीटर ब्लेक यांचे ‘द मीटिंग’ हे चित्र अधिक अर्थगर्भ आहे, कारण ते स्वतःच कूर्बे या फ्रेंच चित्रकाराच्या १८५४ मधील चित्रावरची एक लाडिक कोटी आहे. चित्रातून चित्र काढण्याची परंपरा संग्रहालयातच लटकलेली आहे, हे त्यावरून मुलांना कळो न कळो, अभ्यासकाला कळते. पण ज्या चित्रापाशी विवेचनाने खरोखर रेंगाळावे ते चित्र ऑगस्टस एग याचे ‘पास्ट अँड प्रेझेंट’ हे आहे.

एगने १८५८ मध्ये तीन चित्रांची ही मालिका प्रदर्शित केली. त्यांतल्या पहिल्या चित्रात मध्यमवर्गीय दिवाणखाना आहे. बाई जमिनीवर पालथी पडली आहे. तिच्या मनगटांतील कांकणे बेड्यांसारखी दिसतात. नवरा हातात एक पत्र घेऊन सुन्न बसला आहे आणि त्याच्या पायाखाली एका पुरुषाची लहानशी तसबीर चिरडली जात आहे. टेबलावरच्या अर्ध्या सफरचंदाच्या गाभ्यात सुरी रुतली आहे, उरलेला अर्धा भाग जमिनीवर पडला आहे. बाजूला दोन मुली बाल्झाकच्या कादंबरीवर पत्त्यांचा बंगला रचीत आहेत आणि तो कोसळतो आहे. भिंतीवर नंदनवनातून हाकलल्या जाणाऱ्या आदिम जोडप्याचे चित्र, दुसरीकडे सोडून दिलेल्या जहाजाचे. आरशात उघडे दार. विवाहबाह्य संबंध उघडकीस आला आहे आणि बाईला घराबाहेर जावे लागणार आहे. पुढल्या दोन चित्रांत त्याच मुली पोरक्या होऊन एका खोलीत बसलेल्या, आणि तीच बाई नदीकाठच्या कमानीखाली. इंग्लंडमध्ये घटस्फोटाचे खटले दिवाणी न्यायालयात आणणारा कायदा आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये झाला होता. त्यात पत्नीच्या व्यभिचाराला आणि पतीच्या व्यभिचाराला सारखे मोजले नव्हते, हे चित्र पाहताना विसरता येत नाही.

खुणा गोळा करीत अर्थ लावण्याची जी रीत एगच्या चित्राला हवी असते, तीच ब्राउन यांच्या चित्रपुस्तकाला हवी असते. कोपऱ्यातली वस्तू, भिंतीवरची तसबीर, आरशातील प्रतिबिंब यांत कथा लपवायची आणि ती वाचकाने शोधायची. आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या जागेत काळ उलटून जाऊ द्यायचा. पेरी नोडलमन, तसेच मारिया निकोलायेवा व कॅरोल स्कॉट यांनी चित्रपुस्तकाच्या व्याकरणाची जी चर्चा केली आहे तिचे बहुतेक मुद्दे एगच्या तीन कॅनव्हासना लागू पडतात. त्या अर्थाने व्हिक्टोरियन कथनचित्र हे ब्राउन यांचे पूर्वज आहे आणि या चित्राची निवड पुस्तकाने आपले कूळ सांगण्यासारखी आहे.

पण निवडीत एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. ज्या दिवशी आईचा शब्द चालणार आहे, ज्या दिवशी तिच्या पसंतीने घर बाहेर पडले आहे, त्या दिवशी हे कुटुंब उभे राहते ते आईला शिक्षा करणाऱ्या चित्रापुढे. एगच्या चित्रातली बाई स्वतःच्या इच्छेने वागली आणि घर कोसळले. वाढदिवसाची आई स्वतःच्या इच्छेने वागते आणि घर, निदान एका दिवसापुरते, सांधले जाते. मुलांना यांतले ‘पाप’ कळण्याची गरज नाही. पडलेली आई, गप्प बसलेला बाप आणि खेळता खेळता मान वळवून पाहणारी मुलगी, एवढे त्यांना दिसते आणि ते पुरेसे असते. घरातला ताण ओळखण्यासाठी मुलाला नीतिशास्त्र शिकावे लागत नाही. एगच्या दृष्टीने मुली केवळ परिणाम भोगणाऱ्या आहेत. ब्राउन यांच्या पुस्तकात कथा सांगणारा मूल आहे, म्हणून त्याच दृश्याचा केंद्रबिंदू सरकतो : प्रेक्षक पतीच्या दुःखापाशी थांबत नाही, तो पत्त्यांच्या बंगल्यापाशी जाऊन बसतो. आपल्या लेखनात ब्राउन बहुधा काही समजावू लागले की फिके पडतात, आणि येथेही चित्रातील खुणांची उकल करताना संवाद थोडा शिकवणीच्या वळणाने जातो. परंतु दोन आयांच्या या गाठीविषयी ते काहीच बोलत नाहीत. बोलले असते तर पान बिघडले असते.

भारतीय वाचकाची नजर मात्र दुसऱ्या एका चित्रावर अडेल. जॉन सिंगलटन कॉप्ली याचे ‘मेजर पीअर्सनचा मृत्यू’ (१७८३) हे चित्र जानेवारी १७८१ मधील जर्सी बेटावरच्या लढाईचे आहे. मध्यभागी कोसळलेला तरुण अधिकारी, त्याच्या डोक्यावर ब्रिटनचा भव्य ध्वज, डावीकडे सूड घेण्यासाठी बंदूक झाडणारा कृष्णवर्णीय सेवक, उजवीकडे भेदरून पळणारी बाई व मुले. वीरमरणाच्या चित्रात पळणारे कुटुंब असावे, हा कॉप्लीचा निर्णय कौटुंबिक चित्रपुस्तकाला साजेसा आहे. पण तो कृष्णवर्णीय सेवक कोण, तो कोणाच्या बाजूने आणि कोणत्या नात्याने लढतो, साखरेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतीत तो कसा दिसतो, हे प्रश्न लंडनच्या कुटुंबापेक्षा कोलकाता, हैदराबाद किंवा पुणे येथील वाचकाला अधिक लवकर पडतील. शब्द भाषांतरित होतात. संग्रहालयातली चित्रे होत नाहीत. ती एका राष्ट्राची स्मृती आहेत, आणि दुसऱ्या राष्ट्राचे मूल तेथे पाहुणे म्हणूनच प्रवेश करते.

त्याच २००३ साली लोराँ द ब्रूनॉफ यांचे ‘बाबार्ज म्युझियम ऑफ आर्ट’ प्रसिद्ध झाले, ही तुलनेसाठी चालून आलेली संधी आहे. (‘बाबार’ हे नाव भारतात हत्तीपेक्षा बादशहाची आठवण करून देते, त्याला इलाज नाही.) तेथे हत्तींच्या नगरातील वापरात नसलेल्या रेल्वे-स्थानकाचे राणी सेलेस्तच्या कल्पनेतून कलासंग्रहालय होते आणि पाश्चात्त्य चित्रकलेतील विख्यात कृतींमध्ये माणसांच्या जागी हत्ती दिसतात. पुस्तक देखणे आहे, खुसखुशीत आहे. मात्र १९३१ मध्ये ज्याँ द ब्रूनॉफ यांनी निर्माण केलेल्या बाबारच्या जगाविषयी आरिएल डॉर्फमन यांनी १९८३ मध्ये जो वसाहतवादी आशयाचा आक्षेप घेतला, त्यातून हे संग्रहालय सुटत नाही. हत्तींनी शहर पाश्चात्त्य धर्तीवर वसवले, पोशाख त्या धर्तीचे शिवले, आणि आता कलाही त्याच धर्तीची. अदलाबदल झाली ती फक्त सोंडेची. चित्रकृतीत स्वतःला बसवणे म्हणजे तिच्यावर हक्क सांगणे की तिच्या मापाने स्वतःला कापून घेणे, हा प्रश्न ब्रूनॉफ यांना पडत नाही. ब्राउन यांनाही तो ‘विलीज पिक्चर्स’ (२०००) मध्ये फारसा पडला नव्हता. तेथे चिंपांझी प्रसिद्ध चित्रांत आनंदाने वावरतो. ‘द शेप गेम’ त्याच्या पुढे जाते ते शेवटच्या खेळामुळे, कारण त्या खेळाला एकाही थोर चित्राची गरज नसते. कागद आणि लेखणी पुरते. संग्रहालय मागे राहते.

त्या खेळाचे नियम असे : पहिल्याने कोणताही आकार काढायचा, तो कशाचाही असता कामा नये, दुसऱ्याने त्यात भर घालून त्याचे काहीतरी करायचे. ब्राउन हा खेळ लहानपणी आपल्या भावाबरोबर खेळत असत. पुस्तकात आई तो आपल्या वडिलांबरोबर खेळत असे, असे सांगितले आहे. बूर्द्यू यांच्या सिद्धान्ताला ही छोटीशी नोंद एकाच वेळी दुजोरा देते आणि धक्काही देते. दुजोरा असा की, आईला चित्रे पाहता येतात कारण तिच्या घरात रेघोट्या ओढण्याला वाव होता. वारसा अखेर कुटुंबातूनच येतो. धक्का असा की, हा वारसा विनाखर्चाचा आहे आणि तो कोणत्याही चित्राचे मोल ठाऊक असण्यावर अवलंबून नाही. पुस्तकाच्या तिसऱ्या पिढीपर्यंत पसरणाऱ्या या साखळीत एक बाप आरंभीच उभा आहे, आणि तो मुलीशी खेळणारा होता. दिवसभर कोट्या करणाऱ्या बापाची तुलना या न दिसलेल्या बापाशी केल्यावाचून राहवत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ डी. डब्ल्यू. विनिकॉट हे मुलांशी पहिल्या भेटीत असाच रेघोट्यांचा खेळ खेळत. डॉक्टरने डोळे मिटून एक रेघ ओढायची, मुलाने तिचे काही करायचे, मग पाळी उलटायची. १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या उपचार-वृत्तान्तांत अशी कितीतरी रेखाटने छापलेली आहेत. विनिकॉट यांच्या दृष्टीने महत्त्व चित्राच्या अर्थाला कमी होते; दोघांच्या मधल्या जागेत काहीतरी घडणे, जे ना पूर्णपणे एकाचे ना दुसऱ्याचे, याला होते. संग्रहालयातील चित्र संपलेले असते आणि त्याचा कर्ता ज्ञात किंवा अज्ञात, पण एकच असतो. आकारांच्या खेळात कर्ता दुहेरी असतो आणि चित्र पुढच्याच्या हाती जाईपर्यंत अपुरे असते. भारतीय अभ्यासकाला येथे रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘पूरबी’च्या १९२४ मधील हस्तलिखिताचे स्मरण होईल. खोडलेल्या ओळींना रेषांनी जोडत, त्यांतून पक्षी आणि अनामिक प्राणी काढत गेलेल्या कवीला साठी ओलांडल्यावर चित्रकार होण्याची वाट सापडली आणि १९३० मध्ये पॅरिसला त्याचे पहिले प्रदर्शन भरले. तेथे दोन्ही खेळाडू एकच होते : एकाने खोडले, दुसऱ्याने पाहिले.

हे पुस्तक मराठीत आणायचे झाल्यास अडचणींची सुरुवात बापाच्या तोंडच्या भाषेपासून होईल. आईला ‘आई’ आणि बापाला ‘बाबा’ म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. बाबांनी प्रमाण मराठीत कोट्या केल्या तर ते पु. ल. देशपांडे यांच्या वाचकांतले वाटतील, म्हणजेच त्यांच्याकडे जे भांडवल नसायला हवे ते त्यांना आयते मिळेल. बोलीत केल्या तर बोलीलाच हसे लावल्यासारखे होईल. इंग्रजीत वर्गाची खूण उच्चारात आणि शब्दांच्या निवडीत सहज मिसळते. मराठीत ती लगेच जातीच्या आणि प्रदेशाच्या खुणेत रूपांतरित होते. त्या मानाने कोट्यांचे भाषांतर सोपे. ‘झू’मध्ये पावाला लावायच्या जॅमवर आणि वाहनांच्या जॅमवर बाप जी कोटी करतो ती मुंबई-पुण्याच्या मुलाला जशीच्या तशी कळेल, अनुवादकाने शुद्धलेखनाच्या आवेशात तेथे ‘मुरंबा’ आणि ‘कोंडी’ घालू नये, इतकेच.

अवघड जाईल ते शीर्षक. ‘आकारांचा खेळ’ हे सहज सुचणारे भाषांतर बिनचूक आहे आणि म्हणूनच संशयास्पद. मराठीत ‘आकार’ या शब्दाला शिस्त चिकटलेली आहे. मातीला आकार देतात, मुलांच्या आयुष्याला आकार देतात, आणि शाळेत आकार म्हणजे त्रिकोण, चौकोन, वर्तुळ. खेळातला पहिला आकार यांपैकी काहीही नसतो, तसा तो असता कामा नये असाच नियम आहे. आई कागद पुढे करते तेव्हा मुलाने जे काढायचे त्याला मराठी घरांत ‘रेघोट्या’ म्हणतात, आणि हा शब्द बहुधा रागावताना वापरतात : भिंतीवर रेघोट्या ओढू नकोस. ज्या गोष्टीसाठी मूल घरी बोलणी खाते, तिचेच नाव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहणे त्याला आवडेल. ‘रेघोट्यांचा खेळ’ असे शीर्षक दिले तर मूळ नावातील नेटकेपणा जाईल, पण कोट्या करणारे बाबाही त्या नावाखाली मावतील.